साठवलेली रजा

सोहनलाल शेटनं हात जोडले, आणि सयाजीचे हात पोत्याच्या तोंडावरून उठलेच नाहीत.

तसं पाहिलं तर फार काही घडलं नव्हतं. जैनांचे उपासाचे दिवस, पजूसण, काल संपले होते. आज सकाळी रिवाजाप्रमाणं शेट दुकानाच्या पायऱ्या उतरून खाली आला आणि जुन्नरच्या त्या पेठेत समोर येईल त्याला, शेजारच्या दुकानदाराला, गिऱ्हाइकाला, हमालाला, हात जोडून 'खमतखामणा' म्हणत चालला. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा, एवढाच त्याचा अर्थ. तसा तो सयाजीपुढंही येऊन उभा राहिला. दर वर्षी यायचा. त्याच्या आधी त्याचा बाप, रमणलाल शेट, यायचा. आणि दर वर्षी सयाजीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मालकानं गड्यापुढं हात जोडायचे म्हणजे काय! "अवं शेट, असं नका करू," म्हणत तो वाकून पायाला हात लावायचा, की झालं. आज तो वाकला नाही. हिरड्याचं पोतं शिवता शिवता दाभण अर्ध्यावर थांबलं होतं, डोळे शेटच्या पांढऱ्या उपरण्यावर खिळले होते, आणि दोन्ही हात कुणी दुसऱ्यानं तिथं ठेवून दिल्यासारखे पडून होते. शेट क्षणभर थांबला. काहीतरी राहिलं आहे असं त्याच्या तोंडावर दिसलं. मग तो समोरच्या तेल्याकडं वळला.

सयाजीनं दाभण ओढलं. सुतळी करकरली. हा राग नव्हता. राग त्याला ओळखता येत होता, तो कानांच्या पाळ्यांत चढायचा. हे उतारावरून चालताना पायाखालचा दगड निसटावा तसं होतं. एवढी वर्षं जे हात सांगितलं ते उचलत आले, वजनाला, झाडूला, नमस्काराला, त्यांनी आज आपल्याला न विचारता नाही म्हटलं, याची त्याला भीतीच वाटली. त्यानं तळहात उलटे करून पाहिले. हिरड्याची भुकटी रेघांत बसून ते काळेपिवळे झाले होते. बायको, लंका, म्हणायची, तुमी आलात की घरात हिरड्याचा वास येतो, आन गेलात की दोन दिस ऱ्हातो. लंका. तिच्या नावाशी आलं की मन पुढं जाईना, मागंच फिरे, आणि मागं भागू उभा असे.

भागू त्याच्या वाडीचा. डिंभ्याच्या वर, घोड नदीच्या पल्याड डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी. गेल्या बाजाराला भागू हिरडा घेऊन आला, माप झालं, तरी निघेना. डोकीवरचं घोंगडं या हातातून त्या हातात करत राहिला.

"लंकाबाय बरी न्हाई रं, सयाजी. अंथरून धरलंय."

"कवापासनं?"

"आकाडापासनं. आता पार वाळून गेलीया. आलास तर बोलंल तरी."

"आन आता सांगतुयास? निरोप धाडाय काय झालं व्हतं?"

भागूनं खाली पाहिलं. "तीच नगं म्हनली. म्हनली, त्यास्नी बोलवू नका, त्यांची साठवल्याली रजा मोडंल."

हे ऐकलं तेव्हा सयाजी तराजूच्या दोऱ्या सारख्या करत होता. त्या त्यानं तशाच सारख्या केल्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मापही घातलं. मग मागच्या वखारीत गेला आणि पोत्यांच्या थप्पीला कपाळ लावून उभा राहिला. गोणपाटाचा वास नाकात भरत राहिला.

ती रजा कशी साठली, हे सांगायला गेलं तर काहीच नाही. बाप वारला आणि डोंगरातल्या भाताच्या तुकड्यावर तिघांचं पोट भरेना, तेव्हा सयाजी जुन्नरला आला. पोरगी इंद्रायणी पाळण्यात होती. रमणलाल शेटनं त्याला ठेवून घेतलं, आणि अटी सांगितल्या त्या दुकानाच्या मागच्या दारात, उंबऱ्याशी शेटाणी गुलाबबाई सुपात तूर निवडत बसली असताना. जेवण, धान्य, कपडा, पगार, आणि दिवाळीनंतर एक महिना घरी भरपगारी रजा. ते शेवटचं ऐकून सयाजीला वाटलं, हा माणूस देव आहे. बसून पगार! वाडीत हे सांगितलं तर लोक हसतील. पहिली दिवाळी आली तशी डोंगरातून नवा तांदूळ उतरू लागला, गाड्यांवर गाड्या, आणि रमणलाल शेटनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "औंदाचं राहा, सयाजी. तू गेलास तर माप कोण घालणार? रजा काय भाजी आहे नासायला? साठव. जाशील तेव्हा एकदम घेऊन जा." पुढच्या वर्षीही तेच. मग एका वर्षी गावात उंदीर पडले, पलेगाच्या भयानं पेठ ओस पडली, शेटचं कुटुंब माळावर झोपड्या बांधून राहिलं आणि दुकान राखायला सयाजी एकटा मागं उरला. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या वर्षी रमणलाल शेटच्या डोळ्यांत पाणी होतं. "ही तर सोन्यासारखी साठव," तो म्हणाला. सयाजीला तेव्हा गोड वाटलं होतं. आता ते आठवलं की तोंडाला हिरडा चावल्यासारखी तुरट मिठी बसायची.

वाडीला तो जायचा सणासुदीला, दोन दिवस. एक दिवस जाण्यात मोडायचा, एक येण्यात. लंकाला त्यानं रजेचं सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "साठू द्या," म्हणाली. मग हळूहळू ती रजा त्यांच्या घरात एखाद्या माणसासारखी वावरू लागली. पडवीची भिंत खचली, ती रजेत बांधायची. वरचं खाचर दगडगोट्यानं भरलं, ते रजेत साफ करायचं. इंद्रायणीला महाळुंगे पडवळला दिली, लग्नात सयाजी पाव्हण्यासारखा आला आणि हळदीच्या हातांनीच परतला, तेव्हा लेक रडली. लंका तिला म्हणाली, बाबाला रजा मिळू दे, मग म्हैनाभर ये माहेरी. सगळं तिथं होतं, त्या न आलेल्या महिन्यांत, कुठंही न गेलेलं, न खर्चलेलं. सयाजीला आपण गरीब आहोत असं कधी वाटलंच नाही. वखारीत माल भरून असलेल्या माणसाला वाटतं तसं त्याला वाटायचं.

आणि चार दिवसांमागं त्यानं सोहनलाल शेटपुढं उभं राहून तो माल मागितला.

"शेट, मी आता जातो. घरला मानूस आजारी हाय. न्हाई येनार पुन्यांदा."

शेट उपासात होता, आवाज बारीक झाला होता. "जा बाबा. अडवणारा मी कोण? तुझं येणं असेल ते आजच्या आज घे."

"आन माजी रजा?"

"कसली रजा?"

"साठवल्याली. मोठ्या शेटनी राखून ठिवली व्हती. बसून घरी घालवीन म्हनतो. तिच्यापाशी. ती पुरी झाली की मग बघीन कुटं मजुरी."

सोहनलाल हसला नाही, ओरडलाही नाही. त्यानं खरोखरच विचार केला, हे सयाजीला दिसत होतं, आणि म्हणूनच ते बोलणं इतकं खोल गेलं. "बाबा मला असलं काही बोलले नव्हते. आणि बोलले असतील तरी ऐक. रजा परत येणाऱ्याला असते, सयाजी. बैल सोडतात तो सकाळी पुन्हा जुंपायचा म्हणून. तू तर चाललास. जाणाऱ्याला रजा कशाची?"

भाकरी चावताना, झाडताना, ओट्यावर पडल्यावर ते वाक्य तो उलटसुलट करून पाही. त्यात कुठं बोट शिरेना. बैल जुंपायचा म्हणून सोडतात, हे खरंच. मग आपण एवढी वर्षं जुंपलेलेच होतो, सोडलंच नाही, त्याचं काय? पण तसं म्हणावं तर आपण तरी कधी सुटायला मान हलवली? आपणच खुशीनं राहिलो. साठतंय म्हणून सुखानं निजलो. म्हणजे चूक आपलीच का? ती तिकडं पडलेली, आणि आपण गेलो त्याच दिवशी पोटासाठी कुणाच्या बांधावर जावं लागणार. मग घरी राहूनही आपण घरी नसूच. आणि तिनं निरोप धाडला नाही तो त्या रजेला जपण्यासाठी. जी नव्हतीच. हे शेवटचं आलं की त्याच्या अंगावर काटा यायचा आणि तो उठून काहीही काम करायला लागायचा.

पोतं शिवून झालं तोवर आतून बोलावणं आलं. गुलाबबाईंचं पारणं होतं. म्हातारीनं अठाई केली होती, आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर. उपास सोडण्याआधी घरातल्या साऱ्यांची ती क्षमा मागत होती, गड्यामाणसांचीही. माजघरात ती भिंतीला टेकून बसली होती, कागदासारखी पांढरी. सून जतनबाई मुगाच्या पाण्याची वाटी धरून होती. सोहनलाल जवळ उभा होता. सयाजी दाराशी थबकला.

"ये रे, सयाजी," गुलाबबाईंनी हात जोडले. "खमतखामणा."

पुन्हा तेच. पुन्हा हात जड. पण या वेळी तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो त्याचा त्यालाच परका वाटला.

"मोठ्या बाई, हात जोडतो म्या. आदी येक सांगा. मोठ्या शेटनी मला कामावर ठिवलं, तवा तुमी उंबऱ्याशी बसला व्हता. दिवाळीला म्या रजा मागितली, तवाबी तुमी तितंच व्हता. ते काय म्हनले व्हते, याद हाय का तुमाला?"

जतनबाईनं दचकून नवऱ्याकडं पाहिलं. सोहनलाल म्हणाला, "सयाजी, ही वेळ आहे का? माँ, आधी पारणं करा. मग बघू."

म्हातारीनं वाटीला हात लावला नाही.

"मग कधी?" ती मुलाला हळूच म्हणाली. "तुझे वडील दर दिवाळीला मगच म्हणायचे. मी ऐकत होते. 'जाशील तेव्हा एकदम घेऊन जा,' असं म्हणाले होते. मला वाटायचं, बरं झालं, कामाचा माणूस घरातच राहिला."

"माँ, जाणाऱ्या गड्याला रजा या बाजारात कुणी देत नाही. उद्या सगळे मागतील."

"मागतील. त्यांना साठवायला लावणारे आपणच. ती आपल्याकडं ठेवलेली वस्तू आहे, सोहन. ठेव मागायला आलेल्याला तू परत कधी येशील, असं विचारतात का?" तिला दम लागला. "त्याचे हात जुळत नाहीत, तोवर माझे आठ दिवस वाया. ने ती वाटी."

बाहेर पेठेत कुणीतरी कुणाला खमतखामणा म्हणत होतं. सोहनलालच्या कपाळाची शीर उडत होती. त्याला आईची काळजी होती, बापाची लाज वाटत होती, की उद्याच्या बाजाराची धास्ती होती, सयाजीला सांगता आलं नसतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. बाबांचा शब्द तो माझा. सयाजी, तुझी रजा आजपासून सुरू. घोडेगावला आमच्या सुवालालच्या दुकानातून महिन्याच्या महिन्याला धान्य-पगार तुझ्या घरी पोचेल. जितके महिने साठलेत, तितके."

"शेट, पयलं बाईंस्नी घोटभर घिऊ द्या," सयाजी म्हणाला, आणि त्याचे हात जुळले ते त्या म्हातारीपुढं. ती प्याली. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते जतनबाईनं पदरानं पुसलं. मग सयाजी जुळलेल्या हातांनीच शेटकडं वळला. पण शेट तोवर दुकानाच्या दाराकडं चालू लागला होता, त्याची पाठ दिसत होती.

दुपारीच तो निघाला. वाट पायांखालची होती, पण आज ती लांबच लांब वाटली. जिंकल्यासारखं काही वाटावं म्हणून तो वाट पाहत होता, आणि वाटत होती ती शरम. आठ दिवसांच्या उपाशी बाईला आपण आणखी घटकाभर उपाशी ठेवलं. मागून घ्यावं लागलं ते आपलं कसं? मग मध्येच वाटे, आपलंच तर होतं. या पावलाचा पगार चालू आहे, पुढच्या पावलाचाही. कुणाचं ओझं पाठीवर नाही, कुणाच्या कामाला निघालेलो नाही, आणि तरी हे चालणंही कुणीतरी हिशेबात धरलं आहे. या विचारानं त्याला एकदम मोठ्यानं रडू आलं. गवतावरच्या गुराख्यानं मान वर करून पाहिलं. घोडेगावी देवळात अंग टाकलं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढताना नदी ओलांडून तो वाडीत पोचला.

लंका भिंतीकडेला गोधडीवर होती. इतकी लहान झाली होती की आधी त्याला ती दिसलीच नाही. त्याला पाहून ती उठायला धडपडली, पदर डोक्यावर ओढला.

"आलात? किती दिस हाय ऱ्हाणं?"

"आता हितंच. रजा मिळाली. समदी."

तिनं मान हलवली, लेकराच्या बोलण्याला हलवतात तशी. शेजारच्या साळुबाईला हाक मारून म्हणाली, "साळू, पावनं आल्यात गं. तेवडा बारीक तांदूळ टाक चुलीवर." साळुबाई हसली, पण लंका हसली नव्हती.

आणि सयाजीला कळलं की तिचंच खरं आहे. त्याला मीठ कुठल्या मडक्यात आहे ते ठाऊक नव्हतं. पाणी कुठल्या झऱ्याचं पितात, कोंबड्या कुठं डालायच्या, काही नाही. ती पहाटे जागी होऊन अंधारातच स्वतःशी बारीक आवाजात बोलते, हे त्याला पहिल्यांदा कळलं, आणि आपण ऐकतो आहोत याची तिला चाहूल लागताच ती गप्प होई. लग्नाच्या बायकोच्या घरात तो दाराजवळ बसे, पाव्हणे बसतात तिथं. ती त्याला हंडा उचलू देत नसे. "तुमी बसा. दोन दिस इसावा घ्या," म्हणे, आणि साळुबाईला बोलवी. त्यानं खाचरातले दगड काढायला सुरुवात केली, तर तिनं निरोप धाडला, उन्हात कशाला, परत जायचंय न्हवं. रोज सकाळी ती विचारी, "आज निघायचं का?" तो म्हणे, "न्हाई." ती विश्वास ठेवत नव्हती, आणि त्यात तिचा दोष काय होता? एवढ्या वर्षांत तो एकदाही राहिला नव्हता. त्याला वाटे, शेटला पटवलं, हिला कसं पटवू? हिच्यापुढं कुठली मोठी बाई साक्ष देणार?

महिना भरला आणि भागू घोडेगावाहून धान्य घेऊन आला. लंकानं पोत्याला हात लावून पाहिलं.

"बसून?"

"बसून."

तिनं ते पोतं आपल्या उशाशी ओढून ठेवायला लावलं.

ती कोजागिरीनंतर गेली. इंद्रायणी येऊन पोचली होती, तिच्या मांडीवर. दुकानातून धान्य पुढंही येत राहिलं, महिन्याच्या महिन्याला, शब्दाप्रमाणं, कितीतरी काळ. सयाजीनं ते एकदाही परत पाठवलं नाही. बरंचसं साळुबाईच्या घरी जाई. लोक म्हणत, नशीबवान गडी, बसून खातो. त्या एवढ्या मोठ्या रजेतली एकच सकाळ त्याला हाती लागली होती, भागू पोतं टाकून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची, आणि त्याला ती पुरत असे.

त्या सकाळी तो नेहमीसारखा दाराजवळ, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. आत धूर कोंडला होता. लंका जागी झाली. आज निघायचं का, हे ऐकायची त्यानं तयारी केली. ती कोपरावर उठली, चुलीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि कडाडली:

"बसलाय काय तसं पावन्यावानी? चूल इजाय लागली, डोळं हायती का भोकं? आत सरपन कोन आननार, मी?"

तो ताडकन उठला. "कुटं हाय सरपन?"

"अगं माजे आई! सोताच्या घरातलं सरपन ठावं न्हाई! म्हागं! म्हागं न्हवं, त्या अंगाला, वळचणीखाली! आन वली नका आनू, वाळल्याली बघून आना. आन येताना त्या कोंबडीला हाकला."

तो तिनं सांगितलेल्या अंगाला गेला. वाळकी लाकडं निवडून छातीशी धरली. आत तिचं चालूच होतं, धाप लागत होती, शब्द मध्येच तुटत होते, भिंतीचं, कोंबडीचं, त्याच्या आळशीपणाचं, एवढी वर्षं कधीच न काढलेलं सगळं. सयाजी लाकडं धरून तिथंच उभा राहिला, तिचं बोलणं थांबू नये म्हणून.